‘नोप्पी’

नमस्कार श्रोतेहो.

नर्सिंगच्या मुली वॉर्डातून होस्टेलवर परततात तेव्हा पाय भरून आलेले असतात आणि दिवसभराचं काहीतरी मनात रुतलेलं असतं. त्यासाठी मी त्यांना वही ठेवायला सांगते. रोज दहा ओळी. काय घडलं, मला काय वाटलं, पुढच्या वेळी काय करीन. ग्रॅहम गिब्ज या शिक्षणतज्ज्ञांनी १९८८ मध्ये अशा लिखाणाच्या सहा पायऱ्या मांडल्या. दमून आलेल्या मुलीला मी तीनच विचारते.

माझी एक पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, पंढरपूरकडची. स्त्रियांच्या वॉर्डात सोलापूरच्या पूर्व भागातल्या एक आजी होत्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या, बोलणं सगळं तेलुगूत. ही बीपीचा पट्टा बांधायला गेली की आजी हात ओढून घ्यायच्या. तिनं वहीत लिहिलं, ‘पेशंट सहकार्य करत नाही.’ मी विचारलं, “अगं, हे आजींचं झालं. तुला काय वाटलं?” दुसऱ्या दिवशी तिनं लिहिलं, ‘मला भीती वाटत होती. ठोके ऐकू येईनात. सिस्टर बघत होत्या. मी आजींवर ओरडले. त्या सारखं नोप्पी, नोप्पी म्हणत होत्या.’

नोप्पी! रूममेट पूर्व भागातलीच. तिनं वही वाचली आणि म्हणाली, “अगं, नोप्पी म्हणजे दुखतंय.” मग हिला आठवलं, सलाईन त्याच हाताला होतं. सलाईनच्या हाताला पट्टा बांधायचा नाही, हे वर्गात तिला तोंडपाठ होतं. खाली तिनं एकच ओळ लिहिली, ‘उद्या आधी हात बघीन.’

सकाळी तिनं दुसऱ्या हाताला पट्टा बांधला आणि विचारलं, “नोप्पी?” आजींनी नाही म्हणून मान हलवली आणि हात तसाच राहू दिला.

आपल्या सोलापुरात एकाच वॉर्डात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ऐकू येतं. इथल्या प्रत्येक नर्सला तेलुगू-कन्नडचे वीस-वीस शब्द यायलाच हवेत. इंग्रजी संभाषणाचे वर्ग नंतर घ्या, हे आधी शिकवा.

तर वही. काय घडलं, काय वाटलं, पुढच्या वेळी काय करीन. पेशंटचं नाव नको, खाट नंबर नको. आणि शिक्षकांना माझी कळकळीची विनंती, या वहीला मार्क देऊ नका. मार्क असते तर ‘मी आजींवर ओरडले’ हे त्या मुलीनं लिहिलंच नसतं. वही वाचा, समासात एखादा प्रश्न लिहा आणि दुसऱ्या दिवशी तिची ड्यूटी सुरू व्हायच्या आत परत द्या.

नमस्कार.