रिजेक्ट जॉबचे पैसे कोण भरतं?

(दृश्य: नाशिकची अंबड एमआयडीसी, संध्याकाळ. पत्र्याची शेड. व्हीएमसी, म्हणजे धातू कापायचं मशीन, चालू आहे, कूलंट उडतंय.)

अंबडच्या शेडमध्ये एक हिशेब सगळ्यांना पाठ असतो. पार्टी, म्हणजे काम देणारी कंपनी, ड्रॉइंग देते, मटेरियल देते. माप काही मायक्रॉननं चुकलं की जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट. मजुरी तर बुडतेच, कधी मटेरियलचे पैसेही बिलातून कापले जातात. म्हणून मुरलेला शेडवाला नवं काम घेताना दराआधी विचारतो, "पहिले चार पीस बिघडले तर?"

अवकाश मोहिमांच्या पैशाचा प्रश्नही हाच आहे.

(दृश्य: चंद्राचा पृष्ठभाग.)

सप्टेंबर २०१९. चंद्रयान-२चा लँडर चंद्रावर आदळला. मोहीम ९७८ कोटींची. ऑर्बिटर मात्र चंद्राभोवती फिरत राहिला, म्हणजे सगळंच पाण्यात गेलं नाही. मग २३ ऑगस्ट २०२३ला चंद्रयान-३ उतरलं, सुमारे ६१५ कोटींत. किती स्वस्तात उतरलो याचं कौतुक आपण अजून करतो. पण उतरायचं कसं, हे शिकलो आधीच्या बिलात. ते बिल भरलं तुम्ही-आम्ही, करातून. कुठली बँक एवढ्या कामाला कर्ज देईल? इथे साध्या नव्या मशीनसाठी तीन वर्षांचे ताळेबंद मागतात.

(दृश्य: फाल्कन-१चं उड्डाण, जुनी चित्रफीत.)

"अमेरिकेत खासगी कंपनीच करते की!" करते. स्पेसएक्सचं फाल्कन-१ ओळीनं तीनदा फसलं. चौथं २८ सप्टेंबर २००८ला कक्षेत पोहोचलं, तेव्हा कंपनीची तिजोरी रिकामी होत आली होती. त्याच डिसेंबरात नासानं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकापर्यंत सामान नेण्याच्या १२ फेऱ्यांचं १.६ अब्ज डॉलरचं काम दिलं. नासाशी करार तर २००६पासूनच होता. मालकानं स्वतःचा पैसा ओतला, हे खरं. पण पक्कं गिऱ्हाईक सरकारच होतं.

(दृश्य: जुन्या दुर्बिणीचं छायाचित्र.)

खासगी आणि सरकारी पैसा एकत्र येणं आपल्याकडे नवं नाही. पुण्यात खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगामवालांनी वेधशाळा काढायचं मनावर घेतलं, तेव्हा भावनगरच्या महाराजांनी ५ हजार रुपये दिले आणि मुंबई सरकारनं तेवढेच घातले. १८८८मध्ये वेधशाळा उभी राहिली. १९१२मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद पडली. दुर्बीण कोडाईकनालला गेली. देणगीतून यंत्र येतं हो, पण ते वर्षानुवर्षं चालवायचं कुणी?

(दृश्य: श्रीहरिकोटा.)

आज भारतात दोन्ही पैसे एका ताटात येतायत. २०२०मध्ये खासगी कंपन्यांना परवानगी आणि सोयी देणारी इन-स्पेस ही सरकारी संस्था निघाली. १८ नोव्हेंबर २०२२ला स्कायरूटचं विक्रम-एस उडालं. कक्षेत नाही, नुसतं वर जाऊन खाली आलं, पण खासगी रॉकेट भारतातून उडालं. ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रानं अवकाश स्टार्टअपसाठी १ हजार कोटींचा निधी मंजूर केला. म्हणजे खासगी उडीखालीही जाळं सरकारचंच. मला यात वाईट काही दिसत नाही. फक्त त्याला निव्वळ खासगी धाडस म्हणू नये.

(दृश्य: पुन्हा अंबड. टेबलावर ड्रॉइंग, शेजारी चहाचा ग्लास.)

२०२५च्या जूनमध्ये एसएसएलव्ही हे छोटं रॉकेट बनवण्याचं तंत्रज्ञान ५११ कोटींची बोली लावून एचएएल या सरकारी विमान कंपनीनं मिळवलं. एचएएल म्हटलं की नाशिककराला ओझर आठवतं. तिथे विमानं होतात, हे काम वेगळं. तरी रॉकेट कारखान्यात तयार व्हायला लागलं की ब्रॅकेट, फ्लँज, बुश कुणीतरी बाहेरून करून द्यायला लागतातच, आणि तसलं काम अंबड-सातपूरला नवं नाही.

उद्या असं ड्रॉइंग या टेबलावर आलंच, तर शेडवाला पहिल्यांदा टॉलरन्स, म्हणजे माप किती चुकलेलं चालेल, ते बघेल. मग पान उलटून रिजेक्शनची अट शोधेल.