टेस्टमध्ये ‘लेटेस्ट’ ओढू नका! | स्पेसिफिकेशन बदललं की रेपो कशी बदलायची

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा पुन्हा तेच: “ताई, वरचं स्पेसिफिकेशन बदललं की आपली रेपो आपोआप अपडेट कशी करायची?” स्पेसिफिकेशन म्हणजे बाहेरच्या संस्थेने ठरवलेले नियम, रेपो म्हणजे आपल्या कोडचं फोल्डर. सोपं आहे. गिटहब ॲक्शन्समध्ये, म्हणजे गिटहबवर कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीत, शेड्यूल लावा, स्पेसिफिकेशनची फाइल उतरवा, गिट डिफने जुन्या-नव्यातला फरक बघा, फरक असला तर पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल घ्या’ अशी विनंती. त्यासाठीची वायएमएल फाइल डिस्क्रिप्शनमध्ये आहे, व्हिडिओ पॉज करून टाइप करत बसू नका. आणि शेड्यूलची वेळ यूटीसीत असते हां. तिथे साडेतीन लिहा, आपल्याकडे सकाळचे नऊ.

आता माझं डोकं फिरवणारी गोष्ट. अक्षरं मोजणारी लायब्ररी घ्या. अक्षरं कुठे तोडायची ते तपासायला ‘ग्राफीमब्रेकटेस्ट’ ही फाइल युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीचं संगणकी मानक, देतं. तिच्यात ÷ म्हणजे इथे तोडा, × म्हणजे तोडू नका. बरेच जण ही फाइल टेस्ट चालतानाच युनिकोडच्या ‘लेटेस्ट’ फोल्डरमधून, म्हणजे जिथे कायम सगळ्यात नवी आवृत्ती असते तिथून, ओढतात. अरे, नका ना! कुणी बिचारा रीडमीतली एक चूक दुरुस्त करतो आणि वरची फाइल नेमकी तेव्हाच बदललेली, म्हणून त्याच्या पुल रिक्वेस्टवर लाल फुली, टेस्ट नापास. त्याचा काय संबंध?

बरं, सहा महिन्यांपूर्वीचा कमिट, म्हणजे तेव्हाचा साठवलेला बदल, काढून गिट बायसेक्ट, म्हणजे बिघाड कुठल्या कमिटपासून सुरू झाला ते शोधणारी कमांड, लावलीत, तर टेस्ट मात्र आजच्या फाइलवर चालणार. मग बिघडलं कधी, ते शोधणार कसं? फाइल आवृत्तीच्या नंबरासकट रेपोतच ठेवा. आणणारं काम वेगळं, तपासणारं वेगळं.

एकाने लिहिलंय, “मग ऑटोमर्ज लावू, माणूस कशाला?” म्हणजे टेस्ट पास झाल्या की पुल रिक्वेस्ट आपोआप स्वीकारायची. दादा, २०२३ची युनिकोड १५.१ आठवा. त्याआधी ‘क्त’चे दोन तुकडे पडायचे, ‘क्’ आणि ‘त’. १५.१मध्ये जोडाक्षरांसाठी नवा नियम आला, जीबी ९सी, आणि देवनागरीतला ‘क्त’ एकसंध झाला. नुसती अक्षरांच्या गुणधर्मांची टेबलं अपडेट करून भागत नव्हतं, कोडमध्ये नियम लिहावा लागत होता. टेस्ट हिरव्या करायच्या म्हणून टेस्ट फाइलमधल्या या नव्या नियमाच्या ओळी गाळल्यात, तर लायब्ररी ‘भक्त’ची अक्षरं दोनऐवजी तीनच मोजत राहणार. हा डिफ कुणीतरी डोळ्यांनी वाचायलाच हवा, आणि तो वाचायला मिळतो फाइल रेपोत असली तरच. म्हणजे फिरून तेच: टेस्टमध्ये लेटेस्ट नको!

हो, बॉटने, म्हणजे शेड्यूलवर चालणाऱ्या त्या कामाने, गिटहबचं नेहमीचं टोकन, म्हणजे परवानगीची किल्ली, वापरून पुल रिक्वेस्ट उघडली, तर तिच्यावर टेस्ट आपोआप धावत नाहीत. गिटहब ॲपचं टोकन वापरा. “माझं सीआय (म्हणजे आपोआप धावणाऱ्या टेस्ट) चालतच नाही” म्हणणाऱ्या निम्म्या कमेंट्सचं उत्तर हेच.

एक राहिलंच. पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल नसली तर गिटहब शेड्यूल बंद करून टाकतं. युनिकोडची नवी आवृत्ती अलीकडे येते वर्षातून एकदा, सप्टेंबरात. तोवर तुमचं शेड्यूल झोपलेलं! ऑगस्ट संपला की ॲक्शन्स टॅब उघडा, बंद दिसलं तर परत एनेबल करा आणि लगेच एकदा हाताने चालवून बघा.