पाय पसरायची जागा

नमस्कार श्रोतेहो. कामासाठी सारखं विमानानं जावं लागतं, त्यांना वेगळं सांगायला नको. इकॉनॉमीत एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंत अंतर २८ ते ३० इंच. म्हणून सगळ्यांचा डोळा आणीबाणीच्या दाराजवळच्या रांगांवर. एअरबस ए-३२० मध्ये पंखांवर दोन्ही बाजूंना दोन-दोन दारं असली, तर त्या दोन रांगांपैकी मागची घ्या. पुढचीची पाठ मागे झुकत नाही. झुकली तर मागच्या दाराची वाट अडेल. लक्षात ठेवा, दोहोंतली मागची.

पण ही जागा नुसते पैसे भरून मिळत नाही. पुण्याहून दिल्लीला निघालो होतो. शेजारी नऊवारीतल्या आजी, मांडीवर डिंकाच्या लाडवांची पिशवी. पुतण्यानं मोबाइलवर जादा पैसे भरून जागा घेतलेली, 'आत्याचे पाय मोकळे राहतील' म्हणून. हवाईसुंदरी आली आणि विचारलं, "वेळ आली तर हे दार उघडायला मदत कराल ना?"

आजी म्हणाल्या, "मी? मग तुम्ही काय करणार?"

मी समजावलं, हे दार बिजागरीवर नसतं, उचलून बाहेर टाकायचं, वजन साधारण १५ किलो. आजींनी कपाळाला हात लावला. "अहो, गॅसची रिकामी टाकी उचलायला मी शेजारच्याला हाक मारते!"

आता नियम असा, की मदतीला नाही म्हणणाऱ्याला त्या रांगेत बसवता येत नाही. मुलगी समजूतदार. म्हणाली, "पहिल्या रांगेत या, तिथंही पाय मोकळे. फक्त पिशवी वर ठेवावी लागेल." पिशवी वर म्हटल्यावर आजी ताठ झाल्या. "मग मला साधी जागा दे. पिशवी पायाशी राहील अशी."

शेवटी मागून एक सव्वासहा फुटी पोरगा आणला. इतका वेळ त्याचे गुडघे हनुवटीला लागलेले असणार. जाता जाता आजींनी त्याला दम भरला, "पैसे माझ्या पुतण्यानं भरलेत. झोपू नकोस, दार उघडायचंय."

तर पुन्हा सांगतो: दाराजवळ किंवा पहिल्या रांगेत बसलात, तर उड्डाण आणि उतरताना पिशवी वरच. आणि चाकं टेकताच ती पिशवी काढायला उभे राहणारे! दार उघडेपर्यंत मान वाकडी करून उभं राहण्यात काय मिळतं, मला आजवर कळलेलं नाही.

वेळ थोडा उरलाय, अपग्रेडचं पटकन सांगतो. कोट घालून काउंटरवर गोड हसण्याचे दिवस गेले. इकॉनॉमीची तिकिटं जास्त विकली गेली, तर वरच्या वर्गात बसवताना बहुधा विमान कंपनीच्या नेहमीच्या प्रवाशांसाठीच्या योजनेतली सभासदत्वाची पायरी बघतात. ती चढायची तर सगळा प्रवास एकाच खात्यात टाका. एकाच खात्यात! एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आहे. लुफ्थान्सानं किंवा सिंगापूर एअरलाइन्सनं गेलात तरी बऱ्याच तिकिटांचे पॉइंट एअर इंडियाच्या खात्यात घेता येतात. आणि हो, ऑफिसनं काढलेल्या तिकिटाचे पॉइंटही सहसा प्रवाशाच्याच नावावर पडतात. बुकिंग करताना सभासद क्रमांक राहिला असेल, तर चेक-इनच्या वेळी घालून घ्या. नमस्कार.