वेणी तिची, धंदा कुणाचा?

नमस्कार श्रोतेहो.

आज चपलेबद्दल बोलायचं आहे. कोल्हापुरी म्हणतो आपण तिला, पण ती एकट्या कोल्हापुरात होत नाही, हे अथणी-निपाणीकडच्या माणसाला मी सांगायला नको. तिच्या भौगोलिक मानांकनात, म्हणजे माल मूळचा कुठला हे सांगणाऱ्या सरकारी नोंदीत, आठ जिल्हे आहेत. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून आपण इतकी वर्षं भांडतोय, पण चपलेसाठी दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळं एकाच कागदावर आली. असो, तो विषय आजचा नव्हे.

निपाणीजवळच्या एका गावात समाजमंदिरात आम्ही प्रशिक्षणासाठी नावं लिहून घेत होतो. फॉर्मवर ‘व्यवसाय’ असा रकाना होता. समोर चाळिशीतल्या एक बाई बसल्या होत्या. विचारलं, ‘तुम्ही काय करता?’ म्हणाल्या, ‘काय न्हाई बाई, घरीच असते.’ मी त्यांच्या हातांकडे बघत होते. तर्जनीच्या पेरावर वादी ओढून ओढून पडलेला घट्टा होता. म्हटलं, ‘मग घरात वेण्या कोण घालतं?’ ‘मीच की. पण धंदा ह्यांचा हाय.’

श्रोतेहो, चपलेची वेणी कधी जवळून बघितलीत का? चामड्याच्या बारीक वाद्या काढायच्या, सगळ्या एका जाडीच्या. एक जरी जाड निघाली तर वेणी वाकडी बसते आणि गिऱ्हाईक जोड परत ठेवतं. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं पुरुष कापतात, रापी त्यांच्या हातात असते. वेणी आणि बरीचशी शिलाई मात्र बायकांकडे. जोडाला जो भाव येतो तो या नक्षीकामामुळे येतो. आणि ती करणारी बाई सांगते, मी घरीच असते.

जून 2025 मध्ये प्राडा नावाच्या इटालियन कंपनीने मिलानमध्ये अशाच घाटाच्या चपला दाखवल्या. कोल्हापूरचं नावही घेतलं नाही म्हणून केवढा गदारोळ झाला, तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. डिसेंबरात त्यांनी दोन्ही महामंडळांशी करार केला, त्यात कारागिरांना प्रशिक्षण देण्याचीही गोष्ट आहे. चांगलं झालं. पण मला तेव्हा त्या बाईच आठवल्या. मिलानवाल्यांनी कोल्हापूरचं नाव घेतलं नाही याचा आपल्याला राग आला, आणि आपण आपल्याच घरात वेणी घालणारीचं नाव किती वेळा घेतो?

आता कामाचं सांगते. पीएम विश्वकर्मा ही केंद्राची योजना 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झाली. अठरा पारंपरिक धंदे तिच्यात आहेत. चर्मकार आहे, कुंभार आहे, शिंपी, बुरूड, खेळणी करणारेही आहेत. वय अठरा पूर्ण हवं. आधी पाच-सात दिवसांचं मूळ प्रशिक्षण, पुढे हवं तर पंधरा दिवसांचं. दिवसाला 500 रुपये विद्यावेतन मिळतं. ते महत्त्वाचं आहे, कारण विडी वळणारी बाई एक दिवस वर्गात बसली तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. हत्यारांसाठी 15,000 रुपये, आणि 5 टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाखांपर्यंत कर्ज.

मात्र एक अट नीट ऐका. एका कुटुंबातून एकालाच नोंदणी करता येते. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. अट वाईट हेतूने घातलेली नसेल, पण आपल्याकडे ‘एकच नाव द्या’ म्हटलं की ते कुणाचं जातं, हे तुम्हीही जाणता. मग हत्यारं त्याची, खातं त्याचं, प्रमाणपत्र त्याचं. त्यात तो गोव्याला हॉटेलात कामाला गेला तर धंदा इथे आणि कागद तिकडे. माझं म्हणणं इतकंच की वर्षभर गावात राहून काम जी करते, तिचं नाव द्या.

खानापूरकडच्या कुंभारवाड्यांतही काही वेगळं नाही. तिथली लाल माती नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथेच आहे. माती मळणं, थापणं, रंगवणं बायकांचं. चाकाला मात्र बाईने हात लावू नये, असं बऱ्याच घरांत मानतात. आता विजेचं चाक आलं. ते काठीने फिरवावं लागत नाही, बटण दाबलं की फिरतं. मग अडलंय कुठे? बटणाला काही सोवळं-ओवळं नसतं.

पोरांचं दुखणं निराळं. समगार, ढोर, चर्मकार वस्तीतल्या मुलाला चामड्याचा वास नको असतो, त्याहून त्या वासाला चिकटलेलं आडनाव नको असतं. त्याला दोष कसा देऊ? शाळेत त्याने काय ऐकलंय ते त्यालाच माहीत. अशा मुलाला आरी धरायला लावून काही होत नाही. त्याला मापं, हिशेब, मोबाईलवर मालाचा फोटो, दूरच्या गिऱ्हाइकाला पार्सल हे शिकवलं, तर तो निदान उंबऱ्यात येऊन बसतो.

अर्ज जवळच्या सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात होतो. आधार, बँक पासबुक, रेशन कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल न्या. नंतर ग्रामपंचायतीची पडताळणी असते. कागद कन्नडमध्ये आला तर बावरू नका, शाळेत जाणारी नात सोबत न्या, ती घडाघडा वाचते.

आणि त्या बाईंचं सांगायचं राहिलंच. ‘व्यवसाय’च्या रकान्यात आम्ही ‘पादत्राणे कारागीर’ लिहिलं. त्यांनी दोनदा वाचायला लावलं, मग सावकाश सही केली. त्यांचे मालक दारात उभे होते. बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘मग बाई, माझ्या फॉर्मवर काय लिवायचं? घरीच असतो?’

नमस्कार.