छोट्या कॅमेऱ्यासाठी पाउच घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

खिशात मावणारा, बंद केल्यावर भिंग आत ओढून घेणारा छोटा कॅमेरा तुमच्यापैकी अनेकांकडे असेल. नसला तर कदाचित घ्यायचा विचार चालू असेल. कोणता कॅमेरा घ्यायचा यावर आपण महिना-महिना डोकं खर्च करतो, चार जणांना विचारतो. त्याचं पाउच मात्र दुकानदार जे पुढे करेल ते घेऊन मोकळे होतो. आज बोलायचंय ते या पाउचबद्दल. कॅमेरा तुमच्याबरोबर घराबाहेर किती वेळा पडेल आणि समोर काही घडत असताना किती लवकर हातात येईल, हे बऱ्याच अंशी पाउचच ठरवतं. जाड गादीचं, तीन बाजूंनी चेन असलेलं पाउच कॅमेऱ्याला जपतं खरं, पण ते उघडेपर्यंत पक्षी उडालेला असतो. दोन-तीनदा असं झालं की माणूस कॅमेरा बरोबर न्यायचाच सोडून देतो.

हा पेच फिल्मच्या काळापासूनचा आहे. तेव्हा कॅमेऱ्याबरोबर चामड्याची ‘एव्हररेडी’ केस मिळायची. ट्रायपॉडसाठी कॅमेऱ्याच्या तळाला जे भोक असतं, त्यात स्क्रू फिरवून ती बसवलेली असे. पुढचं झाकण उघडलं की ते कॅमेऱ्याखाली लोंबकळत राही, आणि बऱ्याच केसमध्ये फिल्म बदलायची तर स्क्रू सोडवून सगळी केस काढावी लागे. ऑलिंपस कंपनीतले अभियंते योशिहिसा माइतानी यांनी यावर वेगळाच मार्ग काढला. १९७९ साली आलेल्या त्यांच्या ‘एक्सए’ या कॅमेऱ्याला पुढच्या बाजूला एक सरकतं झाकण होतं. झाकण सरकवलं की भिंग उघडं आणि कॅमेरा तयार. बंद केलं की खुशाल खिशात टाका. वेगळी टोपी नको, वेगळी केस नको. मला ही कल्पना आजही फार सुंदर वाटते.

मग आजच्या छोट्या कॅमेऱ्याला पाउच कशाला, तोही खिशात का टाकू नये? कारण एक्सएचं भिंग जागचं हलत नव्हतं. आजच्या बहुतेक झूमवाल्या कॅमेऱ्यांचं भिंग मोटरच्या जोरावर नळीतून नळी असं बाहेर येतं, आणि आपल्याला सांभाळायची आहे ती ही नळी. तिला दोन गोष्टींचा त्रास होतो, आणि दोन्ही गोष्टी पाउचच्या आत घडतात.

पहिली गोष्ट अशी. पाउच घट्ट असेल, किंवा त्यावर बाहेरून दाब आला, तर पॉवरचं बटण आतल्या आत दाबलं जातं. कॅमेरा चालू होतो, भिंग बाहेर यायला बघतं आणि पाउचच्या भिंतीला अडतं. मोटर जोर लावते. आतले गिअर अगदी बारीक, बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे असतात. कधी त्यांचे दात घसरतात, कधी नळी तिरकी होऊन अडकते, आणि मग पडद्यावर भिंगाच्या बिघाडाची सूचना येते. ही दुरुस्ती खर्चिक असते, पुष्कळदा नवा कॅमेरा घेणंच परवडतं. म्हणून पाउच पारखताना पहिलं काम हे: कॅमेरा आत घाला, बंद करा, आणि पॉवरचं बटण जिथे येतं तिथे बाहेरून अंगठ्याने दाबून बघा. कॅमेरा चालू झाल्याचा आवाज आला, तर ते पाउच परत ठेवा. काही कॅमेरे काढलेले फोटो बघायच्या बटणानेही चालू होतात. त्यात भिंग बाहेर येत नाही, पण बॅटरी मात्र गुपचूप उतरते.

दुसरी गोष्ट म्हणजे धूळ आणि कापडाचे तंतू. भिंग बाहेर येताना कॅमेऱ्याच्या आतली जागा वाढते, आणि भाता उघडावा तशी बाहेरची हवा फटींतून आत ओढली जाते. हवेबरोबर पाउचमधला बारीक कचराही जातो. तो सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या भागावर जाऊन बसला, की आकाशाच्या किंवा भिंतीच्या फोटोत करडे ठिपके दिसायला लागतात. प्रकाश आत सोडणारं भिंगातलं छिद्र लहान ठेवून, म्हणजे एफ आठ, एफ अकरा अशा आकड्यांवर फोटो काढला, तर ते जास्तच ठळक दिसतात. मोठ्या कॅमेऱ्याचं भिंग काढून सेन्सर साफ करता येतो. या छोट्या कॅमेऱ्यांचं भिंग निघत नाही, ते खोलायला कारागीरच लागतो. खिशात नुसता कॅमेरा टाकू नका असं सांगतात ते यासाठीच. खिशाच्या तळाशी किती कचरा साठतो, हे खिसा उलटा करून एकदा बघाच.

त्यामुळे अस्तराकडे लक्ष द्या. मऊ, केसाळ अस्तर हाताला छान लागतं, पण पुष्कळदा तेच तंतू सोडतं. पाउच शक्य तितकं उलटं करा आणि अस्तर बोटाने जोरात घासा. बोटाला धागे लागले, किंवा शिवणीपाशी सुटे दोरे दिसले, तर ते घेऊ नका. गुळगुळीत, घट्ट विणीचं अस्तर चांगलं. आणि शक्य असेल तर फिकट रंगाचं घ्या. काळ्या अस्तरात वाळूचे कण दिसत नाहीत. करड्या किंवा पिवळ्या अस्तरात लगेच दिसतात. दिसले म्हणजे झटकले जातात.

आता मापाकडे वळू. कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात जी लांबी, उंची, जाडी छापलेली असते, तीत सहसा बाहेर आलेले भाग धरलेले नसतात. बटणं, पट्ट्याच्या कड्या, हाताच्या पकडीसाठी चिकटवलेली रबरी पट्टी, यांची भर तुम्हाला स्वतः घालावी लागते. मोजपट्टी घेऊन कॅमेरा जिथे सगळ्यात जाड आहे तिथेच मोजा. दुसरं, नुसत्या नावावर जाऊ नका. सोनीच्या आरएक्स१०० या मालिकेचंच बघा. २०१२ सालचा पहिला कॅमेरा आणि २०१९ सालचा सातवा, दोघांची रुंदी १०१.६ मिलिमीटर आणि उंची ५८.१ मिलिमीटर, अगदी तीच. जाडी मात्र ३५.९ वरून ४२.८ मिलिमीटरवर गेली आहे. पहिल्यासाठी बेतलेल्या पाउचमध्ये सातवा कोंबला, तर काय होईल ते मघाशी सांगितलंच. पाउचवर लिहिलेलं मापही आतलं आहे की बाहेरचं, हे विचारून घ्या. गादी जाड असेल तर दोन्हींत चांगलाच फरक पडतो. कॅमेऱ्याभोवती दोन-तीन मिलिमीटर मोकळे असावेत. आत घालून कानाजवळ हलवलं आणि खडखडलं, तर पाउच सैल आहे.

पाउच कशाचं असावं, यावर मतं वेगवेगळी असतात. माझं मत सांगतो. निओप्रीन, म्हणजे पाणबुड्यांचे सूट ज्या फुगीर रबराचे शिवतात ते, धक्के चांगले झेलतं, वजनाला काहीच नाही आणि थोडं ताणलंही जातं. पण दाबापुढे ते टिकत नाही. पाउच मागच्या खिशात ठेवून कुणी बसलं, तर निओप्रीन पडद्याला वाचवणार नाही. दाबून साच्यात घडवलेलं कडक पाउच दाबाला उत्तम, प्रवासाच्या मोठ्या बॅगेत तळाशी जाणार असेल तर तेच घ्या. पण ते शिंपल्यासारखं पूर्ण उघडतं आणि घाईत कॅमेरा सरळ खाली पडतो. मला स्वतःला वरून उघडणारं, पातळ गादीचं नायलॉनचं पाउच सगळ्यात कामाचं वाटतं. ते लवकर वाळतं, घासून फाटत नाही, धुता येतं.

चामड्याबद्दल जरा सविस्तर बोलतो, कारण त्याचा मोह अनेकांना पडतो, आणि तो पडावा इतकं चामडं देखणं असतंच. वर्षानुवर्षं हाताळून त्याला जी झळाळी येते, ती नायलॉनला कधी यायची नाही. पण चामडं हवेतला ओलावा धरून ठेवतं. दमट हवेत, अंधारात, बंद चामडी केसमध्ये कॅमेरा दोन-चार महिने पडून राहिला, तर भिंगावर बुरशी धरू शकते. सुरुवातीला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. पुढे ती बुरशी भिंगावरचा लेप खाते, आणि पुसूनही डाग जात नाही. तेव्हा चामडी केस हौसेने घ्या, बाहेर जाताना वापरा, पण घरी आल्यावर कॅमेरा तिच्यातून बाहेर काढून ठेवा. दमट भागात राहत असाल, तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. आतली आर्द्रता चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिली की पुरे. ओलावा प्यायल्यावर निळं जेल गुलाबी होतं, नारिंगी जेल हिरवं होतं. रंग बदललेले दाणे हलक्या आचेवर तापवले की पुन्हा वापरता येतात.

पाउच बंद कशाने होतं, हेही बघून घ्या. चेन सर्वांत सुरक्षित. पण तिचे दात धातूचे असतील आणि आतून कापडाची पट्टी नसेल, तर कॅमेरा काढता-घालताना पडद्यावर ओरखडे येतात. आणि चेन अर्धवट उघडी राहिली, तर पाउच उचलताच कॅमेरा घरंगळतो. वेल्क्रो लवकर उघडतं, मात्र शांत सभागृहात त्याचा आवाज सगळ्यांना ऐकू जातो, आणि त्याच्या खरखरीत बाजूत कचरा अडकतो. ती खरखरीत बाजू कॅमेऱ्याच्या वाटेत येऊ नये. टिचबटण असेल तर ते कुठे लावलंय ते बघा. ते लावायला दाबावं लागतं, आणि बटणाच्या बरोबर मागे पडदा असेल, तर तो सगळा दाब पडद्यावर जातो. चुंबकाचं बटण मला आवडतं. चुंबकाने मेमरी कार्डावरचे फोटो पुसले जातील अशी भीती काहींना वाटते, पण त्या कार्डांत माहिती विद्युतभाराच्या रूपात साठवलेली असते, तिला असल्या चुंबकाने काही होत नाही. बँकेच्या कार्डाची काळी चुंबकीय पट्टी मात्र बिघडू शकते, म्हणून ते कार्ड अशा पाउचमध्ये ठेवू नका.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: पाउच तुम्ही अंगावर कुठे बाळगणार? कॅमेरा कायम खांद्यावरच्या पिशवीतच राहणार असेल, तर जाड पाउचची गरजच नाही. ओरखडे आणि कचरा अडवणारी पातळ पिशवी पुरते. कमरेला लावणार असाल, तर मागचा बंद नीट बघा. पूर्ण शिवलेला बंद पक्का, पण दर वेळी कमरेचा पट्टा सोडून ओवावा लागतो. वेल्क्रो आणि बटण दोन्ही असलेला बंद केव्हाही लावता-काढता येतो. नुसती चिमट्यासारखी क्लिप असलेलं पाउच गर्दीत निघून पडतं, आणि पडल्याचं कळतही नाही. कमरेला लावून खुर्चीत बसून बघा, वाकून बघा, पायऱ्या चढून बघा. खुर्चीचे हात पाउचला घासतात का? आडवं पाउच बसताना मांडीला कमी टोचतं, उभं पाउच चालताना कमी हलतं. कॅमेऱ्याचा पडदा नेहमी अंगाकडे ठेवा, म्हणजे बाहेरचा धक्का काचेवर येणार नाही.

मनगटाचा पट्टा काढून ठेवू नका. तो मावेल असंच पाउच घ्या आणि त्याचं टोक बाहेर राहू द्या, ते धरून कॅमेरा ओढून काढता येतो. जास्तीच्या बॅटरीसाठी वेगळा कप्पा हवा. सुटी बॅटरी किल्ल्यांबरोबर किंवा नाण्यांबरोबर ठेवली, तर तिची टोकं जोडली जाऊन ती तापू शकते, पेटूही शकते. विमानप्रवासात अशी सुटी बॅटरी विमान कंपनीकडे सोपवायच्या सामानात टाकायची नसते, टोकं झाकून जवळच्या बॅगेत न्यायची असते.

पावसाबद्दल एकच सांगतो. ‘पाणी रोखणारं’ आणि ‘पाण्यात बुडवता येणारं’ यांत फार अंतर आहे. कापड पाणी अडवतं, पण शिवणीतून आणि चेनमधून ते आत शिरतं. मुसळधार पावसात पाउच कसलंही असो, वरून साधी प्लॅस्टिकची पिशवी हवीच. हीच पिशवी आणखी एका वेळी कामाला येते. थंडगार वातानुकूलित खोलीतून दमट उन्हात गेलात, की थंड कॅमेऱ्यावर, क्वचित भिंगाच्या आतही, दव धरतं. आत असतानाच कॅमेरा पिशवीत बंद करा आणि बाहेर आल्यावर तो हवेइतका गरम होईपर्यंत उघडू नका. दव पिशवीवर धरेल, कॅमेरा कोरडा राहील.

ज्यांची बोटं आखडतात, सांधे दुखतात, त्यांनी चेनच्या टोकाला जाड दोरीचा फास बांधून घ्यावा. अख्खं बोट त्यात घालून चेन सहज ओढता येते.

आणि पाउच घेऊन झाल्यावर त्याला विसरू नका. अधूनमधून ते उलटं करून झटका, कोपऱ्यांत जुना, स्वच्छ दात घासायचा ब्रश फिरवा. समुद्रावरून आलात तर साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. गादीच्या आत ओल राहते, म्हणून वरून कोरडं लागलं तरी आणखी एक दिवस थांबा, मगच कॅमेरा आत ठेवा.

नमस्कार.