डेटाबेस तुमचा आकडा कसा वाचतो?

नमस्कार मंडळी! आपल्या नागपूरच्या चॅनलवर आज थोडा वेगळा विषय घेतलाय. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या हुकमात, आपण एखादा आकडा थेट लिहितो ना, त्याला न्यूमेरिक लिटरल म्हणतात. तो डेटाबेस नेमका कसा वाचतो, ते आज पाहू. स्क्रीनवर क्वेरी देवनागरीत दिसतील. टाइप करताना अक्षरं आणि अंक इंग्रजीच वापरा.

समजा, कळमना मार्केटमधल्या एका अडत्याचे संत्र्याचे सौदे एका टेबलात आहेत. आपल्याला दीड लाखाचे सौदे हवेत. हिशेबपट्टीवर लिहितात तसंच कुणीतरी लिहिलं:

सिलेक्ट * फ्रॉम सौदे व्हेअर रक्कम इन (१,५०,०००);

एरर येत नाही. क्वेरी सुरळीत चालते आणि ज्यांची रक्कम १ आहे, ५० आहे किंवा शून्य आहे, ते सौदे समोर येतात. म्हणजे ज्यांचा भाव अजून ठरलाच नाही, रक्कम शून्य ठेवलीय, ते सगळे. आता सिलेक्टच्या जागी डिलीट आहे असं धरा. म्हणून हा विषय मला महत्त्वाचा वाटतो: इथे एरर येणं हे नशीब आहे, खरा धोका न येणाऱ्या एररचा आहे.

असं का होतं? क्वेरी आत गेली की सगळ्यात आधी ती लेक्सरच्या हाती लागते. तो डावीकडून एकेक अक्षर वाचतो आणि तुकडे पाडतो. या तुकड्यांना टोकन म्हणतात. अंक दिसला की पुढचे अंक गोळा करत जातो. स्वल्पविराम आला की आकडा संपला. तुमचं टेबल, तुमचा कॉलम, त्यात रुपये आहेत की किलो, यातलं त्याला काहीही माहीत नसतं. त्याच्यासमोर फक्त आकड्याचं रूप असतं.

मग मोठे आकडे सुटे करून लिहायचे कसे? अंडरस्कोअरनं. एस्क्यूएल म्हणजे आपण क्वेरी लिहितो ती भाषा. तिच्या २०२३ च्या स्टँडर्डमध्ये ही सोय आली. त्याच वर्षी आलेल्या पोस्टग्रेस १६ या डेटाबेसमध्ये ती आहे, आणि २०२४ पासून एस्क्यूलाइट या दुसऱ्या डेटाबेसमध्येही, ३.४६ व्हर्जनपासून. आपल्यासाठी यात खरोखर आनंदाची गोष्ट आहे: अंडरस्कोअर तीन-तीन अंकांनीच टाकला पाहिजे असा नियम नाही. दोन अंकांच्या मधे एकच असावा, एवढंच. म्हणजे १_५०_००० चालतं. लाख-कोटीची आपली मांडणी जशीच्या तशी!

पण व्हर्जन तपासूनच वापरा. पोस्टग्रेस १४ मध्ये सिलेक्ट १_५०_००० लिहिलं, तर उत्तर येतं १. बाकीचा _५०_००० हा तुकडा चक्क कॉलमचं नाव होतो, कारण तिथे कॉलमला नाव देणारा 'ॲज' हा शब्द गाळता येतो आणि आकड्याला चिकटलेली अक्षरं लेक्सर वेगळं टोकन धरतो. २०२२ च्या पोस्टग्रेस १५ नं हे बंद केलं. आकड्यामागे असं काही चिकटलं तर आता सरळ एरर मिळते. मायएस्क्यूएलचं आणखी निराळं. तिथे नावाची सुरुवात अंकानं होऊ शकते, म्हणून तो १_५०_००० नावाचा कॉलम शोधायला जातो.

आणि देवनागरी अंक? पोस्टग्रेसच्या लेक्सरसाठी अंक म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. आपला १५० त्याला अक्षरांसारखा दिसतो, म्हणजे कॉलमचं नाव. एरर येते की असा कॉलमच नाही. मराठी फॉर्ममधून माहिती येत असेल, तर आधी ट्रान्सलेट फंक्शननं अंक बदलून घ्या, मगच इंटिजरमध्ये, म्हणजे पूर्णांकात, कास्ट करा, म्हणजे रूपांतर करा.

आता टाइपकडे, म्हणजे आकड्याच्या प्रकाराकडे येऊ. पोस्टग्रेसमध्ये पॉइंट नसलेला आकडा ३२ बिटांत मावला तर इंटिजर, म्हणजे २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंत. त्याच्यावर गेला तर बिगइंट, म्हणजे मोठा इंटिजर, त्यातही मावला नाही तर न्यूमेरिक, म्हणजे दशमान पद्धतीनं नेमका ठेवलेला आकडा. आपला दहा अंकी मोबाइल नंबर इंटिजरमध्ये कधीच मावत नाही, तो याचमुळे. एस्क्यूएल सर्व्हर मात्र इंटिजरची हद्द ओलांडली की बिगइंटकडे न जाता थेट डेसिमल धरतो.

हे पाहा:

इन्सर्ट इंटू बजेट (रक्कम) व्हॅल्यूज (२०००००००००० / १० + २०००००००००);

ही बिनबोभाट चालते. पण सरळ २०० कोटी अधिक २०० कोटी लिहा, २००००००००० + २०००००००००, की पोस्टग्रेस म्हणतो इंटिजर हद्दीबाहेर गेला. कॉलम बिगइंट असला तरीही! दोन्ही आकडे आपापल्या रूपावरून इंटिजर ठरले, बेरीजही इंटिजरमध्येच झाली, आणि कॉलमपर्यंत पोचण्याआधीच ती फुटली. पहिल्या क्वेरीत एक आकडा रूपानंच बिगइंट होता, म्हणून ती वाचली.

पॉइंट आला की डेटाबेसांची मतं आणखी फाटतात. ०.१ + ०.२ = ०.३ हे पोस्टग्रेस आणि मायएस्क्यूएलमध्ये खरं, कारण तिथे पॉइंटवाला आकडा दशमान पद्धतीनं नेमका ठेवला जातो. एस्क्यूलाइटमध्ये खोटं, तिथे तो फ्लोटिंग पॉइंट होतो, म्हणजे जवळपासचा आकडा ठेवला जातो. मायएस्क्यूएलमध्ये त्याच आकड्यांना शेवटी ई-शून्य जोडा, ०.१ई० असं (म्हणजे ०.१ गुणिले दहाचा शून्यावा घात), की तिथेही खोटं. किंमत तीच, पण ई आल्यामुळे टाइप डबल झाला, म्हणजे फ्लोटिंग पॉइंटच. पैशांच्या हिशेबात म्हणूनच ई नको.

भागाकार थोडक्यात. ४५ / ६० * १०० याचं उत्तर पोस्टग्रेस, एस्क्यूलाइट आणि एस्क्यूएल सर्व्हरमध्ये शून्य येतं, कारण तिथे इंटिजर भागिले इंटिजर केलं की पॉइंटनंतरचा भाग गळतो; मायएस्क्यूएल आणि ओरॅकलमध्ये ७५. सगळीकडे ७५ हवेत तर १००.० * ४५ / ६० लिहा.

राहिलं उणे चिन्ह. ते आकड्याचा भाग नसतं, वेगळं टोकन असतं. दीक्षाभूमीवरच्या धम्मदीक्षेची तारीख अवतरणचिन्हांशिवाय लिहा, १९५६-१०-१४, उत्तर येईल १९३२. वजाबाकी झाली. तारखेच्या कॉलमशी ही बरोबर (=) चिन्हानं तुलना केली तर पोस्टग्रेस टाइप जुळत नाही म्हणून थांबवतो. एस्क्यूलाइट काही न बोलता रिकामा निकाल देतो.

आणि दोन उणे चिन्हं लागोपाठ आली, ५--३, तर पोस्टग्रेस आणि एस्क्यूलाइट पुढचं सगळं कॉमेंट समजतात, उत्तर ५. मायएस्क्यूएलमध्ये ८, कारण तिथे कॉमेंटसाठी दोन चिन्हांनंतर स्पेस लागते. हे हातानं कुणी लिहीत नाही. प्रोग्राममध्ये 'शिल्लक-' या मजकुराला वजा ३ ही किंमत जोडली जाते, तेव्हा ते तयार होतं. म्हणून किंमत क्वेरीच्या मजकुरात चिकटवू नका, पॅरामीटर म्हणून वेगळी पाठवा. मग ती लेक्सरसमोर जातच नाही.