मोहरकी

(तबेल्याचं दार. आत तांबडा घोडा.)

कान बघा त्याचे. एक आपल्याकडे, दुसरा बाहेर कुठेतरी. कुणीतरी आलंय हे त्याला कळलंय; कसलं माणूस आहे, ते अजून ठरायचंय.

मुलीच्या हातात मोहरकी आहे, घोड्याला धरून न्यायचा पट्ट्यांचा साज. रायडिंग शिकवतात तिथे तिला हॉल्टर म्हणतात. लगामाचं कडियाळं तोंडात जातं, मोहरकी नुसती तोंडावरून बसते. वाटतं, यात काय शिकायचं?

ती सरळ समोरून गेली. घोड्याने झटकन मान वर केली. चूक त्याची नाही. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळपास ३५० अंशांतलं दिसतं. दिसत नाही ते नेमकं कपाळापुढचं आणि शेपटामागचं. आपण मात्र कौतुकाने पहिला हात नाकावरच ठेवायला जातो.

पुन्हा. या वेळी तिरकी, डाव्या खांद्याच्या दिशेने, बोलत बोलत. काय बोलता हे त्याला सारखंच, आवाज येत राहिला पाहिजे. हात आधी खांद्यावर, मग मानेवर. हुंगतोय? हुंगू द्या. कान मागे चपटे पडले तर तिथेच थांबायचं.

डावीच बाजू का? स्वाराची तलवार डाव्या कमरेला असायची, म्हणून चढणं डावीकडून, असं सांगतात. तलवारी गेल्या, सवय राहिली.

आता मोहरकीचा दोर मानेवरून टाकलाय. गाठ नाही, नुसता आधार. घोड्याचं तोंड जिकडे, तिकडेच तिचं. उजवा हात मानेवरून पलीकडे, त्यात कानामागच्या पट्ट्याचं टोक. डाव्या हाताने नाकपट्टी उघडी धरून खालून वर आणली... आणि नाक आपसूक आत गेलं. ओढावं लागलं नाही. पट्टा कानांमागून घेऊन बकल लावताना कान चुरगाळायचे नाहीत. एकदा दुखले की पुढच्या वेळी डोकं आभाळात.

नाकपट्टी गालाच्या हाडाखाली दोन बोटं. त्याहून खाली उतरली तर नाकाच्या निमुळत्या, नाजूक हाडावर दाब येतो. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेत नाही, त्याला नाकच आहे.

(जवळून: तिची मूठ.)

दोर हाताला गुंडाळलेला नाही. घड्या करून मुठीत धरलाय. हे मात्र दटावूनच शिकवावं लागतं. पाचशे किलोचं जनावर बुजून पळालं, तर वेढ्यातली बोटं सोडवायला वेळ मिळत नाही.

कुरणाचं फाटक. आत शिरल्यावर मोहरकी काढायची, कारण मागच्या खुराने कान खाजवताना पाय पट्ट्यात अडकू शकतो, आणि नायलॉन सहसा तुटत नाही. त्याआधी घोड्याचं तोंड फाटकाकडे वळवायचं, म्हणजे उधळायचं तर त्याला आधी वळावं लागतं, आणि लाथेच्या टप्प्यातून मागे सरायला आपल्याला वेळ मिळतो.

बकल सुटलं. ती एक पाऊल मागे आली. तो क्षणभर तिथेच उभा राहिला, फुर्र केलं, आणि मग वळला.